बाईंची मुलगी शिकवणीला जाते

कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात शर्मिला परब कोकमाची सोलं निवडत उभी होती, तेव्हा हौसाबाईंनी तिला मागून हाक मारली. हौसाबाईंची तन्वी शर्मिलाच्या वर्गात, नववीत होती. वालावलच्या हायस्कूलमध्ये शर्मिला मराठी शिकवायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पंचक्रोशीत कुठेही गेलं तरी कुणी ना कुणी ‘बाई’ म्हणून हाक मारणारं भेटायचंच.

“बाईनू, तुमका भेटूचाच होता,” हौसाबाई पिशवी सावरत म्हणाल्या. “तन्वीक त्या सुगंधाकडे लिवक शिकूक घालूचा काय नाय, ह्याच इचारात होतंय. शाळेत तुम्ही आसासच, मगे आनी बाहेर कित्याक? पण काल कळला, तुमचा रसिका पण थयच जाता. म्हटलां, खुद्द बाईंचा चेडू जाता, तर आपला कित्याक मागे रवात? घातलंय लगेच.”

शर्मिलाच्या हातातली सोलं हातातच राहिली.

“होय, जाते ना,” ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा. “बरं केलंत.”

हौसाबाई पुढे गेल्या. शर्मिलाने सोलं तशीच पिशवीत कोंबली. ओली आहेत की वाळलेली, पाहिलंही नाही. स्कूटरला किल्ली लावताना तिच्या लक्षात आलं, आपले कान तापले आहेत.

रसिका, तिची एकुलती एक, तन्वीच्याच वर्गात शिकणारी मुलगी, दर मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे गणिताला जाते, असं शर्मिलाला माहीत होतं. म्हणजे तसं तिला सांगण्यात आलं होतं.

आणि जायचं तर कुणाकडे, तर सुगंधाकडे! सुगंधा प्रभू आणि शर्मिला एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकल्या. त्या वेळचे मराठीचे गुरुजी निबंधाच्या वह्या तपासून आणायचे आणि एक वही वेगळी काढून वाचून दाखवायचे. ती वही नेहमी सुगंधाची असायची. शर्मिलाचं अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन बिनचूक, म्हणी आणि सुभाषितं जागच्या जागी. गुरुजी तिला शाबासकी द्यायचे, पण वही वाचायचे ती सुगंधाची. पुढे सुगंधा मुंबईला गेली, मुलांच्या एका मासिकात संपादक झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती गावी परत आली. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर होतं, तिथे पडवीत बसून तिने मुलांना लिहायला शिकवायला सुरुवात केली. एका वेळी एकच मूल, असा तिचा नेम. शर्मिला शिक्षकांच्या खोलीत हसून म्हणायची, “एका वेळी एक? म्हणजे शिकवणी म्हणायची की डॉक्टरचा दवाखाना?”

सगळे हसायचे. आणि आता त्या दवाखान्यात तिचीच मुलगी जात होती.

घरी नवरा चंदन नुकताच आला होता. तो कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मोरीवर तो हात धूत उभा असतानाच शर्मिलाने विचारलं, “रसिका सुगंधाकडे जाते?”

चंदनने नळ बंद केला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. “जाता.”

“तू धाडलंस?”

“रसिकान माका विचारल्यान. मी म्हटलंय, जा.”

“आणि मला?”

“तुका सांगला आसता तर तू सोडलं आसतंस?”

रसिका आतून सगळं ऐकत होती, ती दारात येऊन उभी राहिली. बापाशी ती मालवणीत बोलायची आणि आईशी शुद्ध मराठीत. कारण लहानपणापासून शर्मिलाने तसा दंडकच घातला होता, मराठीच्या बाईंच्या घरात भाषा नीट हवी म्हणून.

“मीच हट्ट केला, आई. बाबांना बोलू नकोस.”

“अगं, पण मी आहे ना घरात! अर्ध्या तालुक्याची पोरं माझ्या हाताखालून गेली. तुला काय हवं ते मला विचारायचंस.”

रसिकाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू वाचायला लागलीस की मला पुढचं सुचत नाही.”

“म्हणजे?”

“माहीत नाही. तुझ्या भुवया बघत बसते मी.”

चंदनला हसू आलं, ते त्याने टॉवेलात दाबलं. शर्मिलाला मात्र ते वाक्य आरपार गेलं. त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार तिला नकोसे झाले. रसिका शिकवणीहून यायची ती वेगळ्याच चेहऱ्याने यायची. बोलत काही नसे, पण जेवताना मध्येच थांबायची, खिडकीबाहेर बघायची, भाजीवाल्या विमलाकाकीशी उगाच दोन शब्द जास्त बोलायची. शर्मिला पदर खोचून चूल-ओटा आवरायची आणि मनात म्हणायची, नऊ महिने पोटात वाढवलं मी, आणि हिच्या डोळ्यांत जे काही पेटलंय ते दुसरीने पेटवलं. हे पोराला ताप आला तर कुणीही औषध द्यावं, त्यातलं नव्हतं. भाषा तिची होती. तिचं तेवढं एकच शेत होतं, आणि त्यातच शेजारणीने नांगर घातला होता.

शाळेतही तिला सुगंधाच दिसू लागली. तन्वीच्या वहीत “पावसाचे आगमन झाले” ऐवजी “आजीने अंगणातली लाकडं आत घेतली” असं काही आलं, की शर्मिलाला कळायचं हे कुठलं पाणी आहे. वर्गात साठ मुलं. निबंध ती फळ्यावर मुद्दे घालून सांगायची, मुलं उतरून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत लिहायची. निकाल दरवर्षी चांगला लागायचा. हे काही कमी होतं?

पावसाळा सरता सरता तालुक्याच्या निबंधस्पर्धेचं पत्रक आलं. प्रत्येक शाळेने एकच निबंध पाठवायचा. विषय होता ‘माझ्या घरातील एक व्यक्ती’. हेडसरांनी निवड शर्मिलावर सोपवली. तिने विषय आठवडाभर आधी सांगून नववीला वर्गातच निबंध लिहायला लावला आणि वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत वाचायला बसली.

रसिकाची वही तिने शेवटी ठेवली होती. बाईंनी आपलीच मुलगी पुढे केली असं कुणी म्हणू नये, असं तिने स्वतःला सांगितलं.

निबंध बापावर होता. रसिकाने लिहिलं होतं, की बाबा पूर्वी काजू फोडायच्या कामावर होते, आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने त्यांच्या हातांची कातडी काळी पडून सोलून निघायची. आता ते सुपरवायझर आहेत, काजू फोडत नाहीत, पण तळव्यांवरचे डाग गेले नाहीत. घरी पाहुणा आला की बाबा हात मांडीखाली घेऊन बसतात. चहाचा कप घेतानाही तळवा वरून दिसणार नाही असा घेतात. आईच्या शाळेतले सर आले की जास्तच. शेवटचं वाक्य असं होतं: “मी लहान असताना ते याच हाताने माझी वेणी घालायचे, तेव्हा केस ओढले जायचे, आणि मी ओरडले की ते हात लगेच मागे घ्यायचे.”

शर्मिलाने वही मिटली. मग पुन्हा उघडली.

त्या माणसाबरोबर ती इतकी वर्षं राहत होती. पाहुण्यांसमोर तो हात मांडीखाली घेऊन बसतो, हे तिने पाहिलं होतं का? पाहिलं असेल, पण दिसलं नव्हतं. आणि तिच्या शाळेतले सर आले की जास्तच, हे तर कधीच नाही. मुलीला दिसलं. मुलीने लिहिलं. आणि मुलीने घरातली एक व्यक्ती निवडली, ती आई नव्हती.

निबंध उत्तम होता, आणि तिने कुठल्याही नववीच्या वहीत वाचलेल्या निबंधांत तो सगळ्यांत चांगला होता. हे कळायला तिला सुगंधाची गरज नव्हती. तिचा जीव जळत होता तो त्याचसाठी.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती वह्या परत करत होती. रसिकाची वही हातात आली तेव्हा तिने ती दिली नाही.

“रसिका, उभी राहा.”

रसिका उठली. शाळेत ती आईला बाईच म्हणायची, सगळ्यांसारखी.

“हा निबंध कुणी लिहून दिला?”

तन्वीने मान वर केली.

“कुणी नाही, बाई.”

“नववीतली मुलगी असं लिहीत नाही. मला वीस-पंचवीस वर्षं वह्या तपासून एवढं कळतं. खरं सांग. बाहेरून लिहून आणून पाठ केलास ना?”

बोलता बोलताच शर्मिलाला कळत होतं, की आपण बोलतो आहोत ते खोटं आहे. सुगंधाने चंदनचे तळवे आयुष्यात कधी पाहिले नव्हते. हा निबंध या एका मुलीशिवाय जगात कुणीच लिहू शकलं नसतं. पण तोंडातून शब्द सुटले होते, आणि ते परत घ्यायचं बळ तिच्यात नव्हतं.

रसिकाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले नाहीत. आईला काय हवं आहे ते तिला बरोबर कळलं असावं, कारण ती शांतपणे म्हणाली, “होय, बाई. मी नाही लिहिला.”

“बस खाली.”

स्पर्धेला देवेशचा निबंध गेला. देवेश हुशार मुलगा, पाठांतर पक्कं. ‘माझी आई’ हा शर्मिलाने फळ्यावर सांगितलेला निबंध त्याने काना-मात्रा न चुकता लिहिला होता. त्याला तालुक्यात तिसरं बक्षीस मिळालं. प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी देवेशला पुढे बोलावलं, बाईंचंही नाव घेतलं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. रसिकानेही वाजवल्या. शर्मिलाला त्या सगळ्या टाळ्यांत फक्त तिच्याच ऐकू आल्या.

रसिकाने सुगंधाकडे जाणं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती सरळ घरी आली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. पहिल्या आठवड्यात शर्मिलाला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोर परत आपली झाली, असं तिला वाटलं. तिने त्या शुक्रवारी मुद्दाम घावणे आणि नारळाच्या दुधाचा रस केला.

पण मग रसिकाच्या वहीत बाईंचे निबंध येऊ लागले. फळ्यावर सांगितलेला प्रत्येक शब्द, तसाच. “निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे.” एक चूक नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक ओळ तिची स्वतःची नाही. शर्मिलाने पैकीच्या पैकी गुण दिले आणि वही पुढे सरकवली. रसिका “थँक यू, बाई” म्हणाली. घरीसुद्धा ती आता तसंच बोलू लागली, विचारलं तेवढंच, शुद्ध आणि बिनचूक. बापाशीही मालवणीत बोलायची बंद झाली. चंदनने एकदा विचारलं, “चेडवाक काय झाला गो?” शर्मिला म्हणाली, “परीक्षा जवळ आली.”

आपणच घातलेला दंडक आपल्याच घरात असा पाळला जाताना पाहणं तिला सोसेना. एका रविवारी सकाळी ती स्कूटर काढून सुगंधाकडे गेली. का चाललो आहोत, हे तिला नीट माहीत नव्हतं. भांडायलाच चाललो आहोत, असं ती वाटेभर स्वतःला सांगत होती.

पडवीत सुगंधा आणि तन्वी समोरासमोर बसल्या होत्या. तन्वीच्या मामाची आरोंद्याला होडी होती आणि ती त्याच्याबरोबर खाडीत गेली होती, त्याबद्दल लिहीत होती. सुगंधाने शर्मिलाला पाहिलं, बसायला बाक दाखवला आणि पुन्हा मुलीकडे वळली.

“‘खूप मज्जा आली’ असा लिवलंस. मज्जा म्हणजे काय झाला?”

“होडी हलली.”

“मगे?”

“मी मामाचो शर्ट धरलंय.”

“मामा काय म्हणालो?”

तन्वी विचारात पडली. “काय नाय म्हणालो. तेणा वल्हवूचा थांबवल्यान.”

“मगे ता लिव.”

बस, एवढंच. सुगंधाने एक शब्दही सांगितला नाही, पेन्सिलीला हात लावला नाही. तन्वी लिहीत होती तेवढा वेळ ती गप्प बसून राहिली, जणू तिला जगात दुसरं कामच नव्हतं. शर्मिलाच्या मनात आलं, माझ्या साठ मुलांपैकी एकाकडे तरी मी एवढा वेळ बघत बसले आहे का? आणि लगेच दुसरा विचार आला, ही बसू शकते, कारण हिला साठ नाहीत. दोन्ही विचार खरे होते.

तन्वी गेल्यावर सुगंधाने चहा आणला. “बोल. रसिका कित्याक येणा नाय?”

“ते हातांचं तुला तिने कधी सांगितलं?” शर्मिलाने विचारलं.

“कसल्या हातांचा?”

“बापाच्या.”

“रसिकान माका कायएक सांगूक नाय. बापसावर लिवतंय म्हणाला. मी विचारलंय, बापूस घराक इल्यावर पयला काय करता? तेका सांगूक येयना. म्हटलंय, घराक जा आणि बघ. मगे ता परत इलाच नाय.” सुगंधाने कप खाली ठेवला. “काय लिवल्यान तेणा?”

मग शर्मिलाने सांगितलं. निबंधाचं आणि वर्गाचंही. देवेशचं बक्षीस, टाळ्या, “होय, बाई”. बोलता बोलता तीही कधी मालवणीत आली ते तिला कळलं नाही. शेवटी सुगंधाने एकच विचारलं.

“तेवा तुका ठावक होता? ता तेणाच लिवलला म्हणान?”

“होय.”

“वर्गात उभा करून विचारलंस तेवा पण?”

“तेवा पण.”

सुगंधा उठली, पडवीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग होता. “मगे माज्याकडे कित्याक इलंस? मी काय करू? मी तुका माफ केलंय म्हणू?”

“माका ठावक नाय.”

“माझा पण ऐक. खोटां कशाक बोलू, तुजा चेडू माज्याकडे इला तेवा माका बरा वाटला. जरा जास्तच बरा वाटला. शर्मिलाच्या घरातला पोर माज्या पडवीत, ह्या मनात इला माज्या. म्हणान मी तुका येवन सांगूक नाय. सांगूक होया होता.” ती वळली. “पण वर्गात ता तूच बोललंस. वर्गातच जावन बोलूक होया.”

शर्मिला चहा न पिताच उठली.

सोमवारी मराठीच्या तासाला ती फळ्याकडे गेली नाही. टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मागे मी रसिकाला म्हटलं होतं, तिचा निबंध दुसऱ्या कुणी लिहून दिला. ते खोटं होतं. निबंध तिनेच लिहिला होता, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं.”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी मागून विचारलं, “मग तुम्ही असं का म्हणालात, बाई?”

“मला तिचा हेवा वाटला,” शर्मिला म्हणाली.

बाईंच्या तोंडून असं काही ऐकायची वर्गाला सवय नव्हती. देवेश आपल्या बाकावर लालबुंद झाला होता. रसिका मान खाली घालून बसली होती आणि तास संपेपर्यंत तिने ती वर केली नाही.

घरी आल्यावर ती सरळ आपल्या खोलीत गेली. चंदनला शर्मिलाने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं आणि रसिकाची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने सावकाश, बोट ठेवत निबंध वाचला. वाचून झाल्यावर दोन्ही तळवे उताणे करून त्यांच्याकडे पाहत राहिला.

“मी हात लपवतंय?” त्याने विचारलं. “माका म्हायतच नाय.”

मग तो उठून रसिकाच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते शर्मिलाला ऐकू आलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी आतून मालवणी ऐकू आली, आणि ती दाराबाहेर उभी राहून ती नुसती ऐकत होती. आत जावंसं फार वाटत होतं, पण गेली नाही.

रसिका पुन्हा सुगंधाकडे जाऊ लागली. आता शर्मिलाच तिला स्कूटरवरून सोडायची आणि आणायची. एकदा तिने सुगंधाला विचारलं, मी बसू का पाठाला? सुगंधा म्हणाली, “तू बसलंस तर ता लिवचा नाय.” हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. शर्मिला देवळापाशी जाऊन तळ्याच्या काठावर बसायची. वरून कधी दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि आत पुन्हा तेच सुरू व्हायचं. हेवा गेला नव्हता. तो जाईल असंही तिला वाटत नव्हतं. फक्त आता तो आला की तिला ओळखू येत होता.

फळ्यावर निबंध सांगणं तिने बंद केलं नाही. पुढच्या वर्षी मुलांना दहावीची परीक्षा होती, आणि साठ वह्या काही कमी झाल्या नव्हत्या. पण शनिवारी शाळा लवकर सुटली की ती एका मुलाला थांबवून घ्यायला लागली. पहिला देवेश. बक्षिसाचा निबंध आपला नव्हता हे त्या पोराला आतून लागलं होतं, आणि त्याची जबाबदारी तिची होती. दोन शनिवार तो नुसता “छान”, “सुंदर” म्हणत राहिला. तिसऱ्या शनिवारी त्याने सांगितलं, की त्याची आई भाताची पेज गाळताना दर वेळी त्याला लांब हो म्हणते, आणि तो दर वेळी मुद्दाम जवळ जातो. शर्मिलाच्या जिभेवर एक छान वाक्य आलं होतं, ते तिने गिळलं आणि म्हणाली, “का जातोस?”

त्याच आठवड्यात, मंगळवारी, रसिका शिकवणीहून बाहेर आली आणि स्कूटरवर मागे बसली. वळण घेऊन गाडी रस्त्याला लागली तेव्हा तिने विचारलं, “देवेश शनिवारी तुझ्याबरोबर थांबतो?”

“हो.”

“काय विचारतेस तू त्याला?”

“असंच. घरचं, इकडचं तिकडचं.”

“किती वेळ?”

“त्याचं लिहून होईपर्यंत.”

रसिकाने दप्तर मांडीवर नीट केलं. मग म्हणाली, “आणि तो सांगता सगळा?”

मालवणी होती. आईशी बोलताना पहिल्यांदा. आणि आवाजात एक कुसळ होतं, बारीक, पण टोचणारं. ते कसलं आहे, हे शर्मिलाला कुणी सांगायला नको होतं. गेले कित्येक महिने ते तिच्याच गळ्यात अडकून होतं. तिला हसू आलं, आणि मुलीला दिसू नये म्हणून तिने मान सरळ ठेवली.

“सांगता,” ती म्हणाली. “पण लगेच नाय सांगणा. तुका ऐकूचा आसा?”

“माका कशाक?” रसिका म्हणाली. पण वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ती जरा पुढे सरकली, आणि शर्मिलाने गाडीचा वेग कमी केला.